पडून राहिलेल्या नावांचा हिशोब

डोमेनच्या, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याची नावं घेऊन पुढे विकण्याच्या, धंद्याबद्दल बाहेरच्या माणसाच्या कानावर येतात ते फक्त विक्रीचे आकडे. व्हॉइस डॉट कॉम २०१९ मध्ये तीन कोटी डॉलरला गेलं. बिझनेस डॉट कॉम १९९९ मध्ये पंचाहत्तर लाख डॉलरला. चॅट डॉट कॉमसाठी २०२३ मध्ये दीड कोटीच्या वर मोजले गेले. आकडे खरे आहेत, पण त्यांच्यावरून धंदा कळत नाही. कारण विकलं न गेलेल्या नावांची बातमी कधीच होत नाही, आणि या धंद्यात जवळजवळ सगळी नावं न विकलेलीच असतात.

मुरलेले लोक साधारण अंदाज धरतात तो असा: चांगल्यापैकी निवडलेल्या शंभर नावांपैकी वर्षाला एखाद-दुसरं जातं. बाकीची पडून असतात आणि वर्ष सरलं की रिन्यूअलचे, म्हणजे मुदत पुढे वाढवण्याचे, पैसे मागतात. विकलेल्या नावापेक्षा या पडून राहिलेल्या नावांकडे बघायला शिकणं, हाच खरा अभ्यास. तो कोणाला आवडत नाही, कारण त्यात मजा नाही.

गणित सोपं आहे. समजा दोनशे डॉट कॉम नावं आहेत. डॉट कॉमची रजिस्ट्री, म्हणजे सगळ्या नावांची मूळ नोंदवही, व्हेरिसाइन ही कंपनी चालवते आणि सप्टेंबर २०२४ पासून ती रजिस्ट्रारकडून, म्हणजे आपल्याला नाव नोंदवून देणाऱ्या कंपनीकडून, एका नावाचे वर्षाला १०.२६ डॉलर घेते. त्यावर आयकॅनची, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांची व्यवस्था बघणाऱ्या संस्थेची, किरकोळ फी आणि रजिस्ट्रारचा नफा. म्हणजे अगदी काटकसरीतही साधारण ११ डॉलर धरावे लागतात. दोनशे नावांचे वर्षाला २,२०० डॉलर झाले. त्यातली तीन विकली, म्हणजे दीड टक्का, तर नुसता रिन्यूअलचा खर्च निघायला प्रत्येकी ७३४ डॉलर हातात पडले पाहिजेत. मार्केटप्लेसचं, म्हणजे नावं विकायच्या साइटचं, कमिशन वीस टक्के धरलं तर विक्रीची किंमत ९१७ हवी. यात नावं विकत घ्यायला घातलेले पैसे अजून धरलेले नाहीत.

एकाच नावाच्या बाजूने बघितलं तर आकडा आणखी बोचतो. वर्षाला दीड टक्का शक्यता म्हणजे दहा वर्षांत मिळून चौदा टक्के. उरलेल्या शहाऐंशी टक्क्यांत ते नाव दहा वर्षं सांभाळूनही तिथंच असतं आणि ११० डॉलर गेलेले असतात. अर्थात ही सरासरी आहे. चांगलं नाव तिच्या बरंच वर असतं आणि वाईट नावाची शक्यता शून्य असते, दीड टक्का नव्हे. नवखा माणूस आपली सगळी नावं सरासरीत धरतो, ते चुकतं. पन्नास नावं घेऊन वर्षभरात एकही विचारणा आली नाही तर नशीब आड आलं असं त्याला वाटतं. बहुधा तसं नसतं. त्या पन्नासांपैकी चाळीस नावांना जगात गिऱ्हाईकच नसतं.

आणखी एक गोष्ट आधीच मनाशी पक्की असलेली बरी. डोमेन कोणी विकत घेत नाही, मुदतीवर घेतो. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांच्या. पहिलं डॉट कॉम, सिम्बॉलिक्स डॉट कॉम, १५ मार्च १९८५ रोजी नोंदलं गेलं तेव्हा नोंदणीला पैसे पडत नव्हते. १९९५ मध्ये दोन वर्षांचे १०० डॉलर सुरू झाले. ज्यांनी फुकटात घेतलेली शेकडो नावं धरून ठेवली होती त्यांच्यावर धरून ठेवण्याचा खर्च पहिल्यांदा आला, आणि हा धंदा आज ज्या रूपात आहे ते रूप तिथून घडलं.

डॉट कॉमच्या रजिस्ट्रीची दरवाढ निदान कराराने बांधलेली आहे. २०१४ नंतर आलेल्या शेकडो नव्या एक्स्टेन्शनना, म्हणजे नावातल्या शेवटच्या टिंबापुढच्या भागांना, तसं बंधन नाही. पहिलं वर्ष एक-दोन डॉलरला देतात आणि दुसऱ्या वर्षी तीस-चाळीस मागतात. काही नावांवर तर 'प्रीमियम रिन्यूअल' असतं, म्हणजे दरवर्षी शेकडो डॉलर. घेताना पडद्यावर ठळक दिसते ती पहिल्या वर्षाची किंमत. रिन्यूअलचा आकडा खाली बारीक अक्षरात असतो. तो बघितल्याशिवाय पैसे भरू नयेत. देशांच्या कोडचं गणित निराळं. डॉट एआय हे अँग्विला या छोट्या बेटाचं कोड आहे, ते किमान दोन वर्षांसाठीच घ्यावं लागतं आणि दर तिथूनच ठरतो. शिवाय देशाचं कोड देशाच्या नशिबाशी बांधलेलं असतं. युगोस्लाव्हिया नकाशावरून गेल्यावर डॉट वाययूही २०१० मध्ये कायमचं बंद झालं. डॉट आयओ हे ब्रिटनच्या हिंदी महासागरातल्या प्रदेशाचं, म्हणजे चागोस बेटांचं कोड. त्यावर मोठा पैसा लावणाऱ्यांनी चागोस बेटांच्या बातम्या वाचाव्यात, ते याचसाठी.

मग नाव निवडायचं कसं? 'छोटं, सोपं, लक्षात राहणारं' हे सगळेच सांगतात आणि त्याचा उपयोग फारसा होत नाही, कारण छोटं आणि सोपं ते केव्हाच गेलेलं आहे. डॉट कॉममध्ये दोन अक्षरी ६७६, तीन अक्षरी १७,५७६ आणि चार अक्षरी ४,५६,९७६ नावं होतात. ही सगळी कोणाच्या ना कोणाच्या हातात आहेत. अशा नावांची घाऊक बाजारपेठ आहे, तिथे ती अक्षरांच्या वाणावर विकली जातात. पण तिथेही लाट येते आणि ओसरते. २०१५ च्या सुमारास चिनी खरेदीदारांनी स्वर आणि व्ही वगळून बनलेली चार अक्षरी नावं भराभर उचलली, भाव कित्येक पट चढले, आणि २०१६ मध्ये उतरू लागले. शेवटच्या टप्प्यात घेतलेल्यांकडे अर्थहीन अक्षरांच्या जुड्या उरल्या.

सामान्य भांडवलाच्या माणसाला उरतं ते दोन शब्दांचं नाव. त्याची परीक्षा नाव बघून करायची नसते, गिऱ्हाईक बघून करायची असते. समजा डोक्यात एक दोन शब्दी जोड आहे. ती डॉट कॉम सोडून इतर किती एक्स्टेन्शनमध्ये नोंदलेली आहे ते आधी बघायचं: डॉट नेट, डॉट ओआरजी, डॉट सीओ, डॉट आयओ आणि मोठ्या देशांची कोडं. मग एकेक पान उघडायचं. नुसती नोंदणी असून भागत नाही. चालू धंदा आहे का, की पानावर 'विक्रीस आहे' एवढंच लिहिलंय? चालू असलेल्या निराळ्या कंपन्या मोजायच्या. त्यानंतर डॉट कॉममध्येच त्या जोडीला 'ॲप', 'ग्रुप', 'गेट', 'ट्राय' असलं शेपूट किंवा डोकं लावून कोण वावरतंय ते शोधायचं. नाव हवं असून मिळालं नाही म्हणून शेपूट लावलेले हे लोक, म्हणजे गिऱ्हाईक. वेगवेगळ्या धंद्यांतली अशी आठ-दहा सापडली तर नावाला बाजार आहे. एकच सापडलं तर मात्र नाव सोडून द्यायचं. ज्या नावावर एकाच कंपनीचा हक्क सांगता येतो, ते नाव धरणं म्हणजे संधी नसून दावा ओढवून घेणं असतं. नवख्यांना हा फरक उलटा दिसतो. एकुलतं एक श्रीमंत गिऱ्हाईक बघून त्यांना उत्साह येतो.

उच्चाराची परीक्षा यानंतर. फोनवर एकदा सांगितलं आणि समोरच्याने बरोबर टाइप केलं, तर ठीक. मधे आडवी रेघ असेल, शब्दाच्या जागी आकडा असेल, पहिल्या शब्दाचं शेवटचं अक्षर आणि दुसऱ्याचं पहिलं अक्षर एकच असेल, तर टाइप करणारा चुकतो. एकवचन-अनेकवचनाचं तर कायमचं दुखणं. वस्तू विकणाऱ्याला अनेकवचन हवं असतं, ब्रँड करू पाहणाऱ्याला एकवचन, आणि तुमच्याकडे नेमकं दुसरंच असतं.

दाव्याचा विषय निघालाच आहे तर तो पुरा करू. आयकॅनने १९९९ मध्ये नावांवरचे वाद सोडवायची यूडीआरपी नावाची पद्धत आणली. ट्रेडमार्कवाल्याने तीन गोष्टी सिद्ध करायच्या: नाव त्याच्या मार्कशी सारखं किंवा गोंधळ होण्याइतकं जवळचं आहे, नाव धरणाऱ्याचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि नाव वाईट हेतूने नोंदवलं आणि वापरलंही. तीन्ही सिद्ध झाल्या की नाव जातं, भरपाई काही मिळत नाही. डब्ल्यूआयपीओ या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे एक पंच असलेल्या साध्या तक्रारीची फी १,५०० डॉलर आहे. याचा एक परिणाम असा की कंपनीला तुमच्याकडून पाच हजारांना नाव घेण्यापेक्षा तक्रार करणं स्वस्त वाटू शकतं. उत्तराला वीस दिवस मिळतात आणि ते न देणारे बहुतेक हरतात. अमेरिकेच्या कायद्यात तर कोर्ट एका नावामागे १,००० ते १,००,००० डॉलर नुकसानभरपाई लावू शकतं.

वाईट हेतू बहुतेक वेळा सापडतो तो पार्किंगच्या पानावर. नाव पडून आहे म्हणून ते जाहिरातींच्या पानाला जोडतात. जाहिराती यंत्र निवडतं, आणि यंत्राला त्या नावाशी जुळणारं म्हणजे नेमकं ट्रेडमार्कवाल्याच्या स्पर्धकाचं दुकान दिसतं. मी निवडल्या नाहीत हे उत्तर पंच सहसा ऐकून घेत नाहीत. दुसरा पुरावा आपण स्वतःच लिहून देतो: त्या कंपनीला 'आपल्या ब्रँडचं नाव माझ्याकडे आहे, घेता का' अशी मेल. आणि हक्क असला तरी निवांतपणा मिळेलच असं नाही. उझी निसान यांचं आडनावच निसान. १९९४ मध्ये त्यांनी स्वतःच्या संगणक व्यवसायासाठी निसान डॉट कॉम घेतलं, १९९९ मध्ये मोटार कंपनीने दावा लावला. नाव शेवटपर्यंत त्यांच्याकडेच राहिलं, पण कोर्टकचेरीत वर्षं आणि पैसा दोन्ही गेलं.

नवीन नोंदणीत चांगलं नाव सापडणं आता विरळा. बहुतेक माल येतो तो मुदत संपलेल्या नावांतून, म्हणून त्या नावाचा शेवटचा प्रवास पाठ असायला हवा. डॉट कॉमची मुदत संपली की रजिस्ट्रारकडे ४५ दिवसांपर्यंतचा सवलतीचा काळ असतो. त्यानंतर ३० दिवस रिडेम्प्शन, म्हणजे जुना धारक नाव सोडवू शकतो पण रिन्यूअलच्या कितीतरी पट दंड भरून. मग ५ दिवस पेंडिंग डिलीट, यात कोणीच काही करू शकत नाही. आणि मग नाव सुटतं. हे कागदावर. प्रत्यक्षात बरं नाव शेवटपर्यंत येतच नाही. मोठे रजिस्ट्रार सवलतीच्या काळातच, महिना उलटायच्या आत-बाहेर, ते लिलावाला लावतात. लिलाव जिंकूनही नाव लगेच आपलं झालं असं समजू नये. जुन्या धारकाने त्या काळात पैसे भरले तर नाव त्याचं, तुमची बोली परत. म्हणून अशा नावाचं पान बनवणं, लोगो करून घेणं, गिऱ्हाइकाला शब्द देणं हे सगळं ते खात्यात येईपर्यंत थांबवावं.

लिलावातून वाचून खरोखर सुटणाऱ्या नावांवर ड्रॉप, म्हणजे सुटलेलं नाव, पकडणाऱ्या कंपन्या टपलेल्या असतात. रजिस्ट्री प्रत्येक रजिस्ट्रारला ठरावीकच जोडण्या देते, म्हणून या कंपन्यांनी शेकडो रजिस्ट्रार परवाने घेऊन ठेवले आहेत. हाताने बटण दाबून त्यांना गाठता येईल ही आशा सोडावी. दोन-तीन ठिकाणी आगाऊ मागणी नोंदवावी. नाव मिळालं तरच पैसे लागतात.

लोक चांगली नावं सोडतात तरी का? बहुतेक वेळा सोडत नाहीत, हातून जातं. आयकॅनच्या नियमाप्रमाणे मुदतीच्या साधारण महिनाभर आधी, आठवडाभर आधी आणि संपल्यावर पाच दिवसांत अशा सूचना रजिस्ट्रारने पाठवायच्याच असतात. पण त्या जातात नोंदीतल्या ईमेलवर. ते ईमेल जुन्या नोकरीतलं असेल तर संपलंच. त्याहून वाईट फास म्हणजे संपर्काचं ईमेल त्याच डोमेनवर असणं: मुदत संपली, नाव बंद पडलं, मेल बंद पडली आणि शेवटची सूचना कुठे पोहोचलीच नाही. डिसेंबर १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टकडून पासपोर्ट डॉट कॉमची फी भरायची राहिली, हॉटमेलमध्ये शिरणं अडलं, आणि एका त्रयस्थ प्रोग्रॅमरने स्वतःच्या कार्डावरून ३५ डॉलर भरले तेव्हा वाट मोकळी झाली. एवढ्या मोठ्या घरी हे होतं, तर तुमच्या दोनशे नावांच्या यादीत कार्डाची मुदत संपणं अगदीच शक्य आहे.

जुनं नाव घेताना त्याचा पूर्वेतिहास बघायचा. वेबॅक मशीन या जुन्या वेबपानांच्या संग्रहात वर्षावर्षाची पानं चाळली की कळतं: सात वर्षं एक दंतवैद्य, मग अचानक परक्या भाषेतला जुगार. जुगाराची ती दोन वर्षं नावाला चिकटतात. शोधात ते दिसत नाही, मेल पाठवली तर स्पॅमच्या यादीत अडकते. घेणाऱ्याने हे नंतर शोधून काढलं तर भांडण होतं. आपण आधी शोधलं तर बोलीच लावत नाही.

किंमत ठरवण्याबद्दल मत स्पष्ट सांगतो: यंत्राने काढलेल्या फुकट मूल्यांकनाला काडीचा अर्थ नाही. नेमबायोसारख्या ठिकाणी झालेल्या विक्रीच्या नोंदी मिळतात, त्यातून त्याच धर्तीची नावं काढून बघावीत, पण खासगी सौद्यांचा मोठा भाग तिथे येत नाही हे धरून. आणि तिथले घाऊक आकडे वेगळे ओळखावेत. व्यापाऱ्याने व्यापाऱ्याला दिलेली किंमत शेवटच्या गिऱ्हाइकाच्या किमतीच्या पाचवा-दहावा हिस्सा असू शकते. तुम्हाला घाईने पैसे हवे असतील तर तीच किंमत मिळेल.

दोन-तीन हजारांच्या आतल्या नावाला सरळ किंमत लावून मोकळं व्हावं. छोट्या धंद्याचा माणूस रात्री नाव शोधत असतो. समोर आकडा आणि पैसे भरायचं बटण दिसलं तर घेतो, 'बोली सांगा' दिसलं तर पुढच्या नावाकडे जातो. वाटाघाट राखून ठेवायची ती खरोखर वरच्या नावांसाठी. हप्त्यांची सोय ठेवली तर गिऱ्हाईक वाढतं. सगळे हप्ते फिटेपर्यंत नाव मार्केटप्लेसच्या ताब्यात राहतं, आणि आठव्या महिन्यात घेणारा थांबला तर नाव परत येतं, भरलेले पैसेही तुमचे. फक्त त्या आठ महिन्यांत त्याने त्या नावावरून काय पाठवलं ते तपासूनच पुन्हा विक्रीला लावावं.

दर रिन्यूअलच्या आधी यादी छाटायची असते आणि तिथे बहुतेकांचा हात थरथरतो. विचारायचं एवढंच: हे नाव आज मोकळं असतं तर अकरा डॉलर देऊन घेतलं असतं का? गेल्या पाच वर्षांत त्यावर घातलेले पैसे या प्रश्नात येत नाहीत. सोडायचंच असेल तर मुदतीच्या दोन महिने आधी घाऊक लिलावात कमी बोलीला टाकून बघावं, कधी कधी तीस-चाळीस डॉलर सुटतात.

अखेर गिऱ्हाईक आलं की सावधगिरीची पाळी. चांगली किंमत बोलून 'फक्त अमुक साइटचं मूल्यांकन प्रमाणपत्र आणा' म्हणणारा माणूस गिऱ्हाईक नसतो. प्रमाणपत्राची फी हाच त्याचा धंदा. एस्क्रोची, म्हणजे सौदा पुरा होईपर्यंत पैसे धरून ठेवणाऱ्या मध्यस्थाची, लिंक समोरच्याने पाठवली तर तिच्यावर दाबू नये, पत्ता स्वतः टाइप करावा, कारण खोट्या एस्क्रो साइट हुबेहूब असतात. क्रम ठरलेला: अटी नक्की, घेणाऱ्याचे पैसे एस्क्रोकडे जमा, जमा झाल्याचं एस्क्रोच्या खात्यात शिरून स्वतः बघणं, मग नाव देणं, त्याने मिळाल्याचं कबूल करणं, मग पैसे सुटणं. 'पैसे जमा झाले' अशी नुसती मेल आली म्हणून नाव सोडू नये.

नाव द्यायच्या दोन वाटा. दोघांची खाती एकाच रजिस्ट्रारकडे असतील तर पुश: काही मिनिटांत होतं आणि मुदत आहे तीच राहते. निराळ्या रजिस्ट्रारकडे न्यायचं तर ट्रान्सफर: कुलूप काढायचं, ऑथ कोड, म्हणजे नाव हलवायची परवानगी देणारा गुप्त कोड, द्यायचा, पाच दिवसांपर्यंत वाट बघायची, आणि घेणाऱ्याच्या एका वर्षाच्या फीत मुदत वर्षाने वाढते. नोंदणी होऊन किंवा मागचं ट्रान्सफर होऊन ६० दिवस झाले नसतील तर बहुतेक ठिकाणी नाव हलत नाही. नोंदीतलं धारकाचं नाव बदललं तरी असंच ६० दिवसांचं कुलूप पडू शकतं, म्हणून सौदा होत आलेला असताना उगाच पत्ता-नाव 'नीट' करायला जाऊ नये. आणि मुदत संपून रिन्यूअल झाल्यावर, मुदतीपासून ४५ दिवस व्हायच्या आत ट्रान्सफर केलं तर ते भरलेलं वर्ष सहसा पाण्यात जातं.

डीएनएसएसईसी (नावाची माहिती खरी आहे हे डिजिटल सहीने पटवणारी सोय) चालू असेल तर आधी ते बंद करून रजिस्ट्रीतली त्याची डीएस नोंद काढून टाकावी आणि मगच नेमसर्व्हर (नाव कुठल्या सर्व्हरवर आहे ते सांगणारे सर्व्हर) बदलू द्यावेत. डॉट कॉममध्ये ती नोंद एक दिवस कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, राहू शकते, म्हणून मधे एक दिवस जाऊ द्यावा. हे विसरलं तर नवे नेमसर्व्हर बरोबर असूनही ती सही तपासणारे रिझॉल्व्हर, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारे सर्व्हर, नाव उघडतच नाहीत, आणि 'तुम्ही मोडकं नाव दिलंत' अशी मेल तासाभरात येते. त्या डोमेनवरच्या ईमेलने कुठे खाती उघडलेली असतील तर विक्रीआधी ती दुसऱ्या पत्त्यावर हलवावीत, नाहीतर पासवर्ड बदलायची लिंक नव्या धारकाच्या टपालात पडते. आणि इतर मार्केटप्लेसवरची यादी त्याच दिवशी काढावी. एका ठिकाणी विकलेलं नाव दुसरीकडे जुन्या किमतीला तसंच लटकत राहिलं, आणि महिन्याभराने तिथे कोणी पैसे भरले, तर नसलेलं नाव विकल्याचा जाब द्यावा लागतो आणि खातंही बंद होऊ शकतं.